ताटाशेजारची गोळी

रॅनिटिडिन या भारतात घरोघरी ओळखीच्या असलेल्या गोळीविषयी २०२५ मध्ये पुन्हा एकदा बातमी आली. भारताच्या औषध महानियंत्रकांनी राज्यांच्या औषध प्रशासनांना कळविले, की ही गोळी बनविणाऱ्या कंपन्यांकडून कच्च्या औषधातील आणि तयार गोळीतील एनडीएमए या अशुद्धीची तपासणी करवून घ्यावी. एनडीएमए हे माणसात कर्करोग घडविण्याची बरीच शक्यता असलेल्या रसायनांत गणले जाते. प्रकरण नवे नव्हते. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या अशुद्धीविषयी इशारा दिला होता. एप्रिल २०२० मध्ये त्याच प्रशासनाने रॅनिटिडिन बाजारातून काढून घेण्यास सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ही गोळी वगळण्यात आली.

अशी बातमी आली, की त्यावरची प्रतिक्रियाही ठरलेली असते. ‘मग आता दुसरी कोणती गोळी घ्यायची?’ हा प्रश्न समाजमाध्यमांवर, औषधाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत सारख्याच सहजतेने विचारला जातो. गोळी घ्यायचीच, हे त्यात गृहीत धरलेले असते. वाद फक्त नावाचा. एका औषधाच्या अशुद्धीची चर्चा सहा वर्षे चालली. पण जड जेवणानंतर गोळी घेणे हा भारतीय भोजनविधीचाच भाग कसा झाला, याची चर्चा क्वचितच झाली. खरा प्रश्न तो आहे.

या प्रश्नाचे मूळ थोडेसे भाषेतही सापडते. मराठी माणूस पूर्वी ‘घशाशी येते’ असे म्हणे. तमिळमध्ये ‘नेंजेरिच्चल’ म्हणजे छातीची जळजळ. बंगालीत ‘अंबल’, हिंदीत ‘खट्टी डकार’. आयुर्वेदातील अम्लपित्ताच्या वर्णनात छाती आणि कंठ यांचा दाह एकत्रच सांगितला आहे. हे शब्द काय घडते आणि कोठे घडते ते सांगतात. गेल्या काही दशकांत या साऱ्यांची जागा एका शब्दाने घेतली, ‘अॅसिडिटी’. त्याचा जोडीदार ‘गॅस’. अॅसिडिटी हा शब्द वर्णन करीत नाही, तो निवाडा देतो. दोषी आम्ल आहे हे त्याने आधीच ठरवून टाकलेले असते. आणि दोषी आम्लच असेल, तर आम्ल मारणारी गोळी हाच न्याय ठरतो.

शरीरशास्त्र मात्र हा निवाडा मान्य करीत नाही. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२० च्या दशकातच दाखविले होते. ते तेथे असणे हा आजार नव्हे. अन्नातील प्रथिने फोडणाऱ्या पेप्सिनला काम करण्यासाठी ते लागते, आणि अन्नपाण्याबरोबर पोटात गेलेले बहुतेक जंतूही त्यातच मरतात. जठराच्या आतील आवरणाला ते सोसते; अन्ननलिकेच्या आवरणाला सोसत नाही. ओहोटाच्या अर्थात रिफ्लक्सच्या बहुसंख्य रुग्णांत आम्ल जास्त तयार होत नसते. नेहमीइतकेच आम्ल नको त्या जागी पोहोचलेले असते. म्हणजे हा दोष उत्पादनाचा कमी आणि दाराचा अधिक आहे.

हे दार म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेले स्नायूंचे कडे. श्वासपटल बाहेरून त्याला आधार देते. घास खाली उतरताना ते उघडते आणि लगेच मिटते. पण गिळण्याशी संबंध नसतानाही ते मधूनमधून काही सेकंद सैल पडते. पोटात साठलेली हवा ढेकरेवाटे बाहेर पडावी, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. जठराचा वरचा भाग जितका ताणला जाईल, तितक्या वेळा हे दार सैल पडते. भरपेट जेवण, घाईघाईने गिळलेले घास आणि त्यांवर फसफसणारे शीतपेय या तिन्हींमुळे हाच ताण वाढतो. तळलेले, तुपातले, मलईचे पदार्थ जठरातून उशिरा पुढे सरकतात, त्यामुळे ताण तासन्‌तास टिकतो. तंबाखू, मद्य, चॉकलेट आणि पेपरमिंट यांनी कड्याचा घट्टपणा कमी होतो. पोटावरची चरबी आणि कमरेला आवळलेला पट्टा खालून दाब देतात.

त्यात आणखी एक बारकावा आहे. जेवणानंतर जठरातील अन्न आम्लाचा जोर बराच कमी करते, ही समजूत बरोबर आहे. मग जळजळ नेमकी जेवणानंतरच का होते? ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये या कोड्याचे उत्तर दिले. अन्नात न मिसळलेल्या ताज्या आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, थेट दाराच्या खाली साठतो. त्याला ‘अॅसिड पॉकेट’ म्हणतात. दार क्षणभर सैल पडले, की वर उसळतो तो हा थर. अशा वेळी माणूस आडवा झाला, तर गुरुत्वाकर्षणाचा उरलासुरला आधारही सुटतो. शिवाय झोपेत गिळणे जवळजवळ थांबते. लाळेतील बायकार्बोनेट अन्ननलिका धुऊन काढीत असते, तेही कमी होते. रात्री अकराला जेवून साडेअकराला झोपणाऱ्याच्या छातीत एक वाजता काय घडत असेल, हे समजण्यास यापेक्षा अधिक विज्ञान लागत नाही.

येथवर छातीची गोष्ट झाली. घशाची गोष्ट वेगळी आहे, आणि गोळीचा सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे. जड जेवणानंतर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घसा खवखवणे, सारखा खाकरावा असे वाटणे, आवाज बसणे, घशात गोळा अडकल्यासारखा भास होणे, कोरडा खोकला येणे, ही लक्षणे घेऊन असंख्य लोक कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातात. दुर्बिणीने पाहिल्यावर स्वरयंत्राच्या मागच्या बाजूस थोडी लाली दिसते आणि ‘अॅसिड घशापर्यंत येते’ असे निदान होते. ते अशक्य नाही. स्वरयंत्राचे आवरण अन्ननलिकेपेक्षाही नाजूक असते. तेथपर्यंत पोहोचलेल्या थोड्याशा पेप्सिननेही त्याला इजा होऊ शकते. अशा अनेकांना छातीत जळजळ मुळीच होत नाही, हेही खरे.

पण शक्य आणि सिद्ध यांत अंतर असते. ब्रिटनमधील आठ केंद्रांत घशाच्या चिवट तक्रारी असलेल्या ३४६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी, असे सोळा आठवडे चालले. दोन्ही गटांना बरे वाटले, आणि जवळजवळ सारखेच वाटले. आम्ल दाबणाऱ्या औषधाने घशाच्या तक्रारीत निष्क्रिय गोळीहून अधिक काही साधले नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही हीच दिशा धरली. छातीत जळजळ नसताना फक्त घशाची लक्षणे असतील, तर गोळी सुरू करण्याआधी ओहोट खरोखर होतो आहे का याची तपासणी करावी, असे ती सांगतात.

याची कारणेही उघड आहेत. आम्ल दाबणारी गोळी दार घट्ट करीत नाही. पोटातील द्रव वर येतच राहतो. त्यातील आम्ल कमी होते, पेप्सिन आणि पित्त राहतात. आणि पुष्कळदा वर काही येतच नसते. घसा दुसऱ्याच कारणाने चिडलेला असतो. त्या कारणांची भारतात वाण नाही. हिवाळ्यातील उत्तरेच्या मैदानातले धूरकट धुके, चुलीचा धूर, नाकातून मागे घशात उतरणारा ॲलर्जीचा स्राव, दमा, गुटखा, खैनी, विडी, दिवसभर वर्गात किंवा बाजारात वापरलेला चढा आवाज. शिवाय दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला म्हणजे क्षयरोगाची तपासणी, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच नियम आहे. तंबाखूच्या देशात कित्येक आठवडे बसलेला आवाज ही कर्करोगाची पहिली खूण असू शकते. अशा घशाला ‘अॅसिडिटी’ म्हणून महिनोन्‌महिने गोळी देत राहणे म्हणजे आजाराला मुदतवाढ देणे होय.

मग ही औषधे वाईट आहेत का? मुळीच नाहीत. आम्ल दाबणाऱ्या औषधांचा इतिहास विसाव्या शतकातील वैद्यकाच्या मोठ्या यशांपैकी एक आहे. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडिन आले, आणि अल्सरसाठी जठराचा भाग कापून काढणे ही सर्रास शस्त्रक्रिया दुर्मीळ होऊ लागली. त्यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास स्वीडनमधून ओमेप्राझोल आले. जठरातील आम्लाचा पंपच बंद करणाऱ्या औषधांच्या या कुळात आजची पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ईसोमेप्राझोल ही सारी येतात. अन्ननलिकेला जखमा झालेल्यांना, रक्तस्राव होणाऱ्या अल्सरच्या रुग्णांना, रोज ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घ्यावे लागणाऱ्या वृद्धांना ही औषधे वाचवितात. अशांनी एखादा लेख वाचून ती स्वतःहून बंद करणे हा शुद्ध अविवेक ठरेल.

आक्षेप औषधावर नाही, त्याच्या सवयीवर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अर्थात आयसीएमआरने देशभरातील तेरा मोठ्या रुग्णालयांतील ४,८३८ औषधचिठ्ठ्या तपासल्या. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४५ टक्के चिठ्ठ्या प्रमाण उपचारपद्धतीपासून काही ना काही ढळलेल्या आढळल्या. त्यांतील ४७५, म्हणजे एकूण चिठ्ठ्यांपैकी जवळजवळ दहा टक्के, अस्वीकारार्ह ठरल्या. आणि या अस्वीकारार्ह चिठ्ठ्यांत सर्वाधिक वेळा आढळलेल्या औषधांत पॅन्टोप्राझोल आणि रॅबेप्राझोल-डॉम्पेरिडोन यांचे जोडऔषध होते. ही रुग्णालये आडगावातील नव्हती. डॉक्टर घडविणाऱ्या नामवंत संस्था होत्या. जेथे विद्यार्थी चिठ्ठी लिहायला शिकतो, तेथेच ‘सोबत एक गॅसची गोळी’ ही ओळ हाताला वळण लावून जाते. पुढे तो खेड्यात जावो वा महानगरात, ती ओळ त्याच्याबरोबर जाते.

या चिठ्ठीच्या आकड्यांशेजारी आजाराचा आकडा ठेवून पाहावा. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या कृतिगटाने देशातील बारा केंद्रांत ३,२२४ व्यक्तींची पाहणी केली, तेव्हा ७.६ टक्के लोकांत ओहोटाचा आजार आढळला. याच संस्थेच्या २०१९ च्या सहमती-निवेदनातही बहुतेक लोकसंख्या-अभ्यासांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असल्याची नोंद आहे. आजार खरा आहे, मोठा आहे. पण पाठदुखीच्या, तापाच्या, जखमेच्या चिठ्ठीवर मागोमाग येणाऱ्या आम्लनाशकाचे समर्थन त्यातून होत नाही.

सवयीची दुसरी बाजू घरात दिसते. ही औषधे अनुसूची एचमधील आहेत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात नाव उच्चारताच पूर्ण पट्टी हाती पडते. घेण्याची रीतही उलटी. पंपाला कुलूप लावणारे हे औषध पंप चालू होण्याच्या बेतात असताना, म्हणजे जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतले तर नीट लागू पडते, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. मेजवानी झाल्यावर, जळजळ सुरू झाली म्हणून घेतलेली एखादी गोळी त्या रात्री फारसे काही करीत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी बरे वाटते, कारण पोट रिकामे झालेले असते. श्रेय गोळीला जाते.

आणि सवय सोडताना एक सापळा लागतो. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० निरोगी, पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांना निवडले गेले. काहींना आठ आठवडे ईसोमेप्राझोल दिले, इतरांना निष्क्रिय गोळी. औषध थांबविल्यानंतरच्या आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर किंवा पोटातील अस्वस्थता जाणवली; दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. दाबून ठेवलेला पंप सुटताच काही काळ अधिक जोराने चालतो. म्हणजे निरोगी माणसालाही गोळी बंद करताना आपण आजारी आहोत असे वाटू शकते. ‘सोडली की त्रास होतो, म्हणजे मला ती लागतेच’ हा लाखो लोकांचा अनुभव अनेकदा औषधानेच घडविलेला असतो. दीर्घकाळ घेणाऱ्याने डॉक्टरच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी, ती याच कारणाने.

दुष्परिणामांविषयी मात्र तोल राखला पाहिजे. समाजमाध्यमांवर या औषधांना स्मृतिभ्रंशापासून कर्करोगापर्यंत सर्व गोष्टींसाठी जबाबदार धरणारे संदेश फिरतात. त्यांतील बहुतेक दावे ज्या निरीक्षणांवर उभे आहेत, त्यांत गोळी घेणारे मुळातच अधिक आजारी असतात. हृदयविकाराच्या व रक्तवाहिन्यांच्या १७,५९८ रुग्णांना सरासरी तीन वर्षे पॅन्टोप्राझोल किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत यांतील बहुतेक भीती खऱ्या ठरल्या नाहीत. फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात. तो औषध घेणाऱ्यांत १.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत १ टक्का होता. युरोप-अमेरिकेत हा फरक किरकोळ वाटेल. पण नळाचे पाणी उकळून प्यावे लागणाऱ्या, पावसाळ्यात विषमज्वर आणि जुलाबांनी रुग्णालये भरणाऱ्या देशात जठरातील आम्ल हा फुकटचा पहारेकरी आहे. त्याला विनाकारण झोपवून ठेवणे परवडणारे नाही. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा दुर्मीळ धोकाही आहे. या औषधांच्या माहितीपत्रकात तो नमूद करावा, असे भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्येच सांगितले. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांबरोबर ते पत्रक कोणाच्या हाती पडते, हा वेगळा प्रश्न.

गोळी नाही, तर काय? याचे उत्तर इतके साधे आहे, की ते कोणाला विकता येत नाही. जपानमध्ये २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांहून कमी अंतर ठेवणाऱ्यांत ओहोटाच्या आजाराची शक्यता, चार तास किंवा अधिक अंतर ठेवणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे सातपट आढळली. अमेरिकेतील जवळजवळ ४३ हजार परिचारिकांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच गोष्टी पाळणाऱ्यांत जळजळ पुष्कळ कमी दिसली: आटोक्यातील वजन, तंबाखूपासून दूर राहणे, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-शीतपेय दिवसाला दोन पेल्यांपर्यंत आणि समतोल आहार. सर्वांनी या पाचही गोष्टी पाळल्या, तर ३७ टक्के त्रास टळेल असा संशोधकांचा हिशोब आहे. गोळी घेणाऱ्या स्त्रियांनाही या सवयींचा लाभ दिसला.

झोपेची कूसही महत्त्वाची. जठर शरीरात डावीकडे कललेले असते; डाव्या कुशीवर झोपल्यास अन्ननलिकेचे दार जठरातील द्रवाच्या वर राहते, उजव्या कुशीवर ते खाली जाते. अॅमस्टरडॅममधील २०२२ च्या अभ्यासात वर आलेले आम्ल डाव्या कुशीवर सुमारे ३५ सेकंदांत ओसरले, उजव्या कुशीवर त्याला सुमारे ९० सेकंद लागले. मराठीत दुपारच्या विश्रांतीला ‘वामकुक्षी’ म्हणतात. शब्दाचा अर्थच डावी कूस. शतपावलीलाही असाच आधार आहे. जेवणानंतर उभे राहिल्याने अन्न खाली राहते. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवून वीतभर उंच करणे हा आणखी एक उपाय. दोन उशा रचून मान वाकविल्याने ते साधत नाही, उलट पोट दुमडते.

घरगुती उपायांची पारखही याच निकषावर व्हावी. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम आम्लाच्या नव्या स्रावाला चेतवितात. खाण्याचा सोडा आणि फसफसणारी चूर्णे आम्ल चटकन मारतात, परंतु त्यातून निघालेला वायू तेच दार ताणतो, आणि त्यांतील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला घातक ठरते. बडीशेप चघळण्याने लाळ वाढते, ती अन्ननलिका धुते. त्याच विड्यात तंबाखू आला, की लाभ संपतो. समुद्री शैवालापासून बनविलेले अल्जिनेट जठरातील अन्नावर तरंगता थर धरून अॅसिड पॉकेटला अडविते. प्रसंगी एखाद्या भारी जेवणानंतर त्रास होणाऱ्याला पंप बंद करणाऱ्या औषधापेक्षा हा उपाय अधिक तर्कसंगत आहे. तिखटाविषयी सरसकट बंदीची गरज नाही. ज्याला जे बाधते ते त्याने ओळखून टाळावे.

मात्र हा सारा उपदेश व्यक्तीच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. मुंबईच्या उपनगरी गाडीने रात्री साडेनऊला घरी पोहोचणारा कारकून, गुरुग्राम वा बंगळुरूमध्ये परदेशी घड्याळावर काम करणारी तरुणी, पाळी बदलत राहणारा गिरणीकामगार, घरातील सर्वांचे जेवण उरकल्यावर शेवटी ताट घेणारी गृहिणी, या कोणालाही ‘झोपेआधी तीन तास जेवा’ हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. त्यांच्यासाठी गोळी हा आळस नसतो. वेळेच्या टंचाईवर काढलेला स्वस्त तोडगा असतो. त्यांना मुख्य जेवण दुपारी आणि रात्री थोडके, हा बदल शक्य आहे. पण कार्यालयांनी संध्याकाळी सहा-सातला खाण्याची सुटी देणे, पाळीच्या वेळी नीट आखणे, घरातील पुरुषांनी स्वयंपाकाचा भार उचलून बाईच्या ताटाची वेळ अलीकडे आणणे, हेही ओहोटाचेच उपचार आहेत. आणि रात्री साडेदहाला पंगत बसविणारी लग्ने ही तर कोणाचीच सक्ती नाही. तेथे पाहुण्यांना पनीर, पुरी, बिर्याणी, आइस्क्रीम यांच्या राशीत लोटून अर्ध्या तासात घरी झोपायला पाठविण्याचा आग्रह हा आदरातिथ्याचा नव्हे, अविचाराचा नमुना आहे.

व्यवस्थेकडून अपेक्षा ठेवाव्यात अशा गोष्टी फार खर्चिक नाहीत. आम्ल दाबणाऱ्या औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीवर ते कशासाठी दिले आणि केव्हा थांबवायचे, या दोन नोंदी असाव्यात. नेहमीच्या जळजळीसाठी आठ आठवड्यांचा प्रयोग करून मग थांबवून पाहणे ही मान्य रीत आहे. ‘चालू ठेवा’ ही रीत नव्हे. रुग्णालयातून घरी जाताना कागदावर आलेली गोळी पुढच्या भेटीत काढून टाकणे हे डॉक्टरचे काम समजले जावे. गोळीच्या वेष्टनावर ‘जेवणाआधी अर्धा तास’ हे शब्द भारतीय भाषांत छापले जावेत. डॉम्पेरिडोनसारखे दुसरे औषध गरज नसताना एकाच कॅप्सूलमध्ये घालण्याच्या प्रथेचा फेरविचार व्हावा. हृदयाच्या लयीवरील परिणामांमुळे युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्येच त्याचा वापर मर्यादित केला आहे. आणि अनुसूची एच हा केवळ छापील लाल पट्टा राहू नये.

काही खुणा अशा आहेत, की जेथे आहाराचाही उपदेश थांबतो आणि तपासणी सुरू होते. घास अडकणे, कारण नसता वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, पंडुरोग, मानेत गाठ, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीचे दुखणे. हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, घाम, धाप, चालताना वाढणारा दाब यांना ‘गॅस’ म्हणून सोडा-लिंबू पाजण्यात हृदयविकाराच्या झटक्यातील मोलाचे तास वाया जातात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात हा झटका अनेकदा केवळ अपचनाच्या रूपाने येतो. अशा वेळी गोळी शोधू नये, ईसीजी काढावा.

रॅनिटिडिनमधील अशुद्धीवर नियामकांनी नजर ठेवलीच पाहिजे. पण उद्या प्रत्येक गोळी शंभर टक्के शुद्ध झाली, तरी ती चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी, अनंत काळ दिली जात राहिली तर देशाचे आरोग्य सुधारणार नाही. ओहोट हा आम्लाशी लढण्याचा विषय नाही. ताट केवढे, ते केव्हा वाढले आणि त्यानंतर शरीराला किती वेळ उभे राहू दिले, याचा हा हिशोब आहे. ‘आता कोणती गोळी?’ या प्रश्नाऐवजी ‘ही गोळी अजून का?’ हा प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारला गेला, तर एका जुन्या बातमीचे थोडे सार्थक होईल.